समिती आली तेव्हा यंत्र गरम होतं

सरकारी संशोधन संस्थेत नवं यंत्र मिळवायचं असेल, तर आधी जुनं यंत्र मेलंय असं दाखवावं लागतं. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना तोंडपाठ होतं. सुरतेच्या आमच्या संस्थेत मी लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं हे ज्ञान मला चहाबरोबर फुकट दिलं. ऐकून मला राग आला. तसा मला राग लवकरच येतो, माहेरी आणि सासरी दोन्हीकडे त्याची ख्याती आहे.

हे नव्वदच्या दशकाच्या मध्यातलं. जर्मनीनं कापडातल्या काही रंगांवर बंदी आणली होती, कारण त्यांतून अंगाला घातक रसायनं सुटतात. माल बाहेर पाठवणाऱ्या सुरतेतल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. शहराच्या पांडेसरा भागात जिथं कापड रंगवतात, त्या प्रोसेस हाउसांतली माणसं कापडाचे तुकडे पिशवीत घालून आमच्या दारात येऊ लागली. त्या तुकड्यांत बंदीचं रसायन आहे का, हे सांगणारं एक जुनं यंत्र आमच्याकडे होतं आणि ते मी चालवायचे. आत भट्टी, बाहेर गॅसची नळकांडी, शेजारी कागदावर रेघा मारणारा पेन. एकदा थंड झालं की तापून ठिकाणावर यायला ते अर्धा दिवस खाई. म्हणून मी ते कधीच बंद करत नसे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा सायीच्या दुधासारखं मंद आचेवर ठेवायचे.

माझी जागा हंगामी होती आणि ती या यंत्राला बांधलेली होती. यंत्र मोडीत निघालं की जागाही संपणार. नवरा पांडेसऱ्यात एका प्रोसेस हाउसात सुपरवायझर होता, मुलगी बालवाडीत. एकाच्या पगारात सुरतेत तिघांचं भागणं कठीण होतं. माझी नोकरी गेली तर मी मुलीला घेऊन धुळ्याला सासरी जायचं, तिथल्या शाळेत मिळेल ते शिकवायचं आणि त्यानं इथं चार जणांत खोली घेऊन राहायचं, असं आमचं ठरल्यासारखं होतं. ठरल्यासारखं म्हणजे त्यावर आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

अशात एक दिवस संचालकांनी मला बोलावलं. देशात अशा तपासणीसाठी मोठी, अद्ययावत यंत्रं मोजक्याच ठिकाणी बसवायची असं दिल्लीत चाललं होतं. कुठं बसवायची हा सल्ला द्यायला तज्ज्ञांची एक समिती नेमली होती आणि ती आता प्रत्येक ठिकाण पाहत फिरत होती. संचालक गुजराती, मनानं चांगले, पण समितीच्या नावानं त्यांचं नेहमीच धाबं दणाणायचं. त्यांनी मला सांगितलं की त्या दिवशी जुन्या यंत्रावर चादर टाका, वर ‘बंद’ अशी पाटी ठेवा आणि कुणी विचारलं तर सुटे भाग मिळत नाहीत असं सांगा. मी विचारलं, नवं आलं तर ते चालवणार कोण? ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, त्याचा माणूस वेगळा असेल. नव्या यंत्राबरोबर डॉक्टरेटवाला माणूस येणार, हे मला तेवढ्यावरून कळलं.

म्हणजे माझ्याच नोकरीवर मी स्वतःच्या हातानं चादर घालायची होती. घरी जाऊन मी भांडी इतकी आपटली की नवऱ्यानं मुकाट्यानं मुलीला फिरायला नेलं.

समितीच्या दिवशी सकाळी मी चादर घातली, पाटीही ठेवली. यंत्र मात्र सवयीनं चालूच राहिलं. मुद्दाम ठेवलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण खरं सांगायचं तर ते बंद करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. चुलीवरचं दूध उतरवायचं विसरावं तशातला प्रकार.

समितीत चौघे होते. अध्यक्ष मूळचे नागपूरचे, म्हातारे रसायनशास्त्रज्ञ, दिल्लीत मुरलेले. संचालक त्यांना पुढं करून घेऊन आले, तर आमच्या दाराशी पांडेसऱ्याची माणसं पिशव्या घेऊन बसलेली. त्यांना आज येऊ नका असं सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं. त्यातला एक आमच्याकडचा, साक्रीचा रंगारी. चादर पाहून तो थेट दारातून मलाच म्हणाला, “काय व्हयनं ताई? काल ते चालू व्हतं ना?”

अध्यक्षांना अहिराणी किती कळली कोण जाणे, पण मतलब कळला. ते सरळ यंत्रापाशी गेले आणि चादरीखाली हात घालून त्याच्या अंगावर टेकवला. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. मग माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाले, “बाई, मेलेलं यंत्र गरम असतं का?”

संचालकांचा चेहरा मी पाहिला नाही, पाहायची हिंमत झाली नाही. मी चादर ओढून काढली आणि म्हणाले की हे चालू आहे, रोज चालतं, बाहेरची माणसं याच्यासाठीच बसली आहेत. माझा आवाज वाजवीपेक्षा मोठा होता. पाठोपाठ मनात आलं, संपलं, आता धुळ्याची गाडी.

दुपारी समितीनं दार लावून घेतलं आणि काही वेळानं मला आत बोलावलं. वाटलं झाडाझडती होणार. पण अध्यक्षांनी गॅस कुठून येतो, वीज गेली तर काय करता, मी रजेवर असले तर कोण पाहतं, एवढंच विचारलं. शेवटच्या प्रश्नाला मी म्हणाले, कुणी नाही. त्यावर ते इतरांकडे पाहून हसले. मग मला समजावून सांगावं तसं म्हणाले की आमच्या हातात पैसा नसतो, आम्ही फक्त क्रम लावून देतो. पैसा वर ठरलेला असतो, तो पुरेल तिथवर क्रमातल्यांना मिळतो, बाकीचे पुढच्या खेपेची वाट पाहतात. “आणि प्रत्येक जण आमच्याकडे लग्नाला पैसे मागतो. संसाराला मागणारा अजून कुणी भेटला नाही.”

मी बाहेर आले. त्यांच्या वाक्याचा अर्थ माझ्या बाजूनं लावायचा की विरुद्ध, ते कळेना.

पुढचे काही महिने संचालक माझ्याशी कामापुरतं बोलत होते. मला त्यांचा राग होता आणि त्यांनाही माझा असणार. मुलीच्या धुळ्यातल्या शाळेची चौकशी दिरानं करून ठेवली. नवऱ्यानं खोलीसाठी सोबती पाहिले. मी मात्र रोज यंत्र तपासून मगच घरी जायचे. कुणासाठी, हे मलाही सांगता आलं नसतं.

मग एक दिवस संचालक स्वतः जिना उतरून माझ्या खोलीत आले. दिल्लीहून फोन आला होता. मोठं यंत्र आम्हाला मिळालं नव्हतं. ते दुसऱ्या शहरात जाणार होतं, जिथं वीज पक्की होती आणि हाताखाली माणसं होती. आमचे अडलेले नमुने त्यांनी तपासून द्यायचे, अशी अट घातली होती. आम्हाला मिळालं होतं ते, अध्यक्षांच्या भाषेत, संसाराला: जुन्या यंत्राच्या देखभालीचं अनुदान आणि ते चालवणाऱ्याची कायम जागा. त्या जागेवर कोण, हे विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं. ते म्हणाले, तुमच्याशिवाय त्याला हात कोण लावतं?

मला वाटलं ते नाराज असतील. तर ते स्टुलावर बसले, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, “बेन, सारुं थयुं. बची गया.” बरं झालं, वाचलो. एवढं नाजूक यंत्र आपल्या विजेवर टिकलं नसतं, हे त्यांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं. पण सगळ्या संस्था मागत असताना आपण मागितलं नाही, तर दिल्लीवाले समजतात की इथं कुणी झोपलंय, आणि पुढच्या वेळी विचारतही नाहीत. म्हणून मागितलं होतं. मी पाहतच राहिले. इतके महिने हा माणूस माझ्याइतकाच धास्तावलेला होता आणि तेही ते यंत्र मिळेल म्हणून. मला हसू आवरेना, मग तेही हसायला लागले.

मी तशीच रिक्षा करून पांडेसऱ्याला गेले आणि नवऱ्याला भर पाळीत गेटवर बोलावलं. हातांवर निळा रंग घेऊन तो धावतच आला, चेहरा उतरलेला. मी आजवर कधी त्याच्या गेटवर गेले नव्हते.

“काय व्हयनं?”

“काही नही. धुळाले जानं नही, आठेच ऱ्हासूत आपण.”

भर रस्त्यात, वॉचमन पाहत असताना, त्यानं दोन्ही निळ्या हातांनी माझे हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.