राखणदाराचा खर्च

माझ्या बायकोच्या मामांएवढा प्रामाणिक कंत्राटदार पेडणे तालुक्यात झाला नाही, आणि त्या प्रामाणिकपणाचा ताप माझ्याएवढा कुणाला झाला नाही. मामा रस्त्याखालच्या सरकारी मोऱ्या आणि ओढ्यांवरचे साकव बांधत. खात्याचा नियम असा, की दरवर्षी कामांवरच्या खर्चाचं विवरणपत्र द्यायचं. ते मंजूर झालं तरच नोंदणी पुढे चालू. ते लिहिण्याचं काम, जावई म्हणून, फुकटात माझ्या गळ्यात. मार्च संपला की मामा साखळीला आमच्याकडे हजर. आल्या आल्या पंखा बंद करत, कारण कागद उडतात. कागद म्हणजे सिमेंटच्या पिशवीचे तुकडे, त्यांवर सुताराच्या पेन्सिलीने खरडलेला खर्च. मी घामाने निथळत लिही आणि मामा चहात उंडो, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, बुडवत विचारत, ‘‘बसमदी खाल्लेलो उंडो कामाचो की घरचो?’’

हे सगळं मी सोसलं असतं, पण एक ओळ होती: ‘राखणदार’. काम सुरू करण्याआधी त्या जागेच्या राखणदाराला, म्हणजे तिथल्या राखण करणाऱ्या देवाला, रोट, केळी आणि नारळ ठेवायचा, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. खात्यात नव्याने आलेल्या साहेबांना मात्र तो पहारेकरी वाटला. त्यांनी आम्हाला बोलावून त्याची हजेरी मागितली.

‘‘रात्री कामावर असतो का?’’

‘‘रातीचोच असता,’’ मामा म्हणाले. ‘‘दिसत मात्र नाय.’’

साहेबांनी ‘बोगस माणूस’ असा शेरा मारला आणि विवरणपत्र दुरुस्त करून आणायला सांगितलं. बाहेर आल्यावर मी हात जोडले. म्हटलं, मामा, तिथं ‘किरकोळ’ लिहू, नोंदणी वाचेल.

‘‘त्याका किरकोळ म्हणूचा? मग तुमीच जावन सांगा त्याका, जावयबापू.’’

ओळ राहिली, नोंदणी गेली. मामांना त्यानंतर एकही सरकारी काम मिळालं नाही.

पुढच्या एप्रिलात ते तरीही आले. पंखा बंद केला, एकच तुकडा पुढे ठेवला. जुन्या मोऱ्यांवर त्यांनी पदरचे रोट ठेवले होते.

‘‘आता हे विवरणपत्र कुणाला द्यायचं, मामा?’’ मी वैतागलो होतो.

‘‘कोणाक नाय. पण खर्च झालो, तो लिवक नको?’’

मी लिहिलं. ते जाईपर्यंत दरवर्षी लिहिलं.

या कामावर हात बसला, म्हणून अजून मी इतर कंत्राटदारांची विवरणपत्रं लिहितो. ती लगेच मंजूर होतात. त्यांत ‘किरकोळ’ पुष्कळ असतं. मला आता या कामाचा कंटाळा आलाय, आणि मामांची फार आठवण येते. एप्रिलात कागद पसरले की मी उठून पंखा बंद करतो. बायको म्हणते, अहो, घामाने भिजलात, लावा की तो.

मी म्हणतो, कागद उडतात.