आधी हसलेली मावशी

लग्नात कुणी उखाणा घेतला की माझी नजर कुसुममावशीकडे जाते. तिला लहानपणापासून ऐकू येत नाही. पंगत हसली की ती सगळ्यांचे चेहरे बघते आणि मग हसते, जरा उशिरा. नंतर माझ्या दंडाला हात लावून भुवया उंचावते. मी खुणेनं सांगते, "नंतर सांगते."

ते नंतर कधी आलंच नाही. हसू पापडासारखं असतं, ठेवून दिलं की सादळतं. हे ठाऊक असूनही मी वर्षानुवर्षं तेच सांगत आले.

परवा भाचीच्या लग्नात, घास भरवायच्या आधी, नवरी स्वतः उठून मावशीपाशी आली आणि तिच्या हातात एक चिठ्ठी ठेवून गेली. मला वरची एकच ओळ दिसली, नवऱ्याच्या विसरभोळेपणावरचा उखाणा होता. मावशीनं चष्मा सारखा करून तो दोनदा वाचला. नवरीनं उखाण्याची पहिली ओळ म्हटली न म्हटली तोच मावशी पदर तोंडाला लावून हसली. अख्ख्या पंगतीत सगळ्यांच्या आधी. माझ्या मनावरचं केवढं ओझं उतरलं. एवढीशी चिठ्ठी लागत होती, आणि ती मला कधी सुचली नव्हती.

तेवढ्यात बाहेर बँड सुरू झाला आणि उखाण्याचा शेवट मला ऐकूच आला नाही. सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा. मग मावशीच्या दंडाला हात लावून भुवया उंचावल्या.

मावशीनं चिठ्ठीची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली, जिलबीचा तुकडा मोडला आणि खुणेनं मला सांगितलं, "नंतर सांगते."