धाकटीची गाणी

आमच्या घरात वाटणी लहानपणीच झाली होती. चित्रं धाकट्या बहिणीची, गाणं माझं. ती कर्नाळ्याचा सुळका रंगवत मोठी झाली, मी पेटी वाजवत. पुढे पनवेलमध्येच मी गाण्याचे क्लास सुरू केले, तिची प्रदर्शनं भरू लागली. एकमेकींच्या वाटेला आम्ही कधी गेलो नाही.

गेल्या वर्षी ती लेकीकडे अमेरिकेत जाऊन आली. लेक राहते तिकडच्या पश्चिमेला, वाळवंटी भागात. नवीन चित्रं बघायला म्हणून मी गेले, तर तिने माझ्यापुढे गाणी ठेवली. चित्रांच्याच जाड कागदांवर पेन्सिलीने लिहिलेली.

"तिकडची हवा इतकी कोरडी, ताई, ब्रश कागदावर टेकायच्या आत रंग सुकायचा. मग शब्दच लिहीत बसले."

दिवसभर चाललं तरी जवळ न येणारे लाल डोंगर होते त्यात. एका गाण्यात आपलीच सावली शोधत फिरणारा ढग होता. वाचता वाचताच मला चाल ऐकू यायला लागली. मी कित्येक वर्षं स्वतःचं एक गाणं लिहू बघतेय, दोन ओळींपुढे सरकत नाही. आणि हिला तर साधा सा लावता येत नाही.

चांगली आहेत, एवढंच म्हणाले. चाली लावशील का, असं तिने विचारलं म्हणून कागद घरी आणले, पण पेटी उघडली नाही. तिचा फोन आला की क्लास चालू आहे म्हणून सांगायचे. शेवटी ती स्वतःच आली. जमत नाहीये का, म्हणाली.

"जमतंय. पण मला तुझा हेवा वाटतोय. गाणं तेवढं माझं होतं."

तिने ते कागद माझ्याकडे सरकवले. मग म्हणाली, "मला कुठे गाता येतंय? गायचं तुलाच आहे."

ही समजूत होती की हुकूम, कळलं नाही. ती गेल्यावर पेटी काढली.

दिवाळीनंतर वाचनालयाच्या सभागृहात मी ती गाणी गायले. लोक भेटायला आले ते शब्दांचं कौतुक करत. एका बाईंनी विचारलं, चाल जुनीच आहे ना?

"चाल ताईची आहे," बहीण जरा मोठ्यानेच म्हणाली.

बरं वाटलं. हेवा मात्र गेलेला नाही. हल्ली ती कागद-पेन्सिल घेऊन करंजाच्या बंदरावर जाऊन बसते, आणि रंगाची पेटी घरीच ठेवून जाते.