फरशीचा उतार

मधली सुट्टी संपली तरी सातवीतल्या रेश्माची पाण्याची बाटली भरलेलीच होती.

"पाणी का पीत नाहीस गं?" मी विचारलं.

"बाई, प्यायलं की तिकडं जावं लागतं."

तिकडं म्हणजे मुलींच्या शौचालयात. आम्हा शिक्षिकांचं वेगळं, म्हणून मी तिथं कधी डोकावलेच नव्हते. जाऊन पाहिलं, तर फरशीचा उतार उलटा, दाराकडे. घाण पाणी उंबऱ्याशी तुंबलेलं.

दुसऱ्या दिवशी बोलावलेला गवंडी म्हणाला, "उतार फिरवायचा तर सगळी फरशी उखडावी लागेल, बाई."

"उखडा," मी म्हणाले.

काम सुरू झालं, पण मनातली टोचणी जाईना. किती वर्षं मुली माझ्यासमोर सुकलेल्या घशानं धडे वाचत होत्या, आणि मी त्यांना "मोठ्यानं वाचा" म्हणून दटावत होते.