परातीला लावलेलं तेल

पितळेची परात चिंचेनं घासली की सोन्यासारखी दिसते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वरून खोबरेल तेलाचा हात फिरवला की आणखी दिसते, हा शोध माझा स्वतःचा. संध्याकाळी माझी नऊ वर्षांची मुलगी त्याच परातीच्या काठावर उभी राहून नाचणार होती, एवढी बारीकशी गोष्ट तेवढी डोक्यातून निसटली.

हे ऐंशीच्या दशकातलं. मी सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखात, इचोड्याला शाळेत कारकून होतो. कापसाचा हंगाम सरला की तिथं एका व्यापाऱ्याचं गोदाम रिकामं व्हायचं, आणि त्यात पन्नाशीच्या एक तेलुगू बाई मुलींना कुचिपुडी शिकवायच्या. सगळे त्यांना अम्मा म्हणत. मराठी त्या आमच्या पोरींकडूनच शिकलेल्या. त्यामुळे रागावल्या की थेट माझी आत्या रागावल्यासारखं वाटे.

माझ्या वडिलांना, आबांना, नातीचं नाचणं पसंत नव्हतं. वांकिडीकडच्या आमच्या खेड्यातून ते कार्यक्रमाला आले ते निकाल द्यायलाच. "पडली त उद्यापासून नाच बंद," बसमधून उतरता उतरताच त्यांनी सांगून टाकलं. त्यानंतर पोरीनं ताटाला हात लावला नाही.

अम्मांचा एक नेम होता. परात कुणाचीही असो, आधी त्या स्वतः तिच्यावर उभ्या राहत, मगच मुलीला पाय ठेवू देत. त्या संध्याकाळीही त्यांनी सगळ्यांदेखत आमच्या परातीच्या काठावर पाय ठेवले, आणि धपकन खाली बसल्या.

अम्मांनी काठावरून बोट फिरवलं, वास घेतला.

"हे तेल कोनं लावलं?"

मी हात वर केला. अर्धाच.

"काऊन?"

"चमकावी म्हणून."

"लोकाईनं पोरगी पाहाची का परात?"

अम्मांनी चहावाल्याकडून चुलीची राख आणवली. भर कार्यक्रमात, मांडी घालून, मी परात पुन्हा घासली. मला वाटलं, सुटलो. "आता तुमी चढा," अम्मा म्हणाल्या. चढलो. काठ कोरडा खडखडीत झाला होता, पण माझ्या पोटानं पुढं जायचं ठरवलं आणि मी त्याच्या मागोमाग गेलो, थेट पहिल्या रांगेत आबांच्या पायांशी. गोदाम हसून हसून लोळलं. पोरगीही हसली, आणि हसत हसतच परातीवर चढली. डोक्यावर पाण्याचा तांब्या. नाच संपेपर्यंत थेंब सांडला नाही.

"मास्तरीन पडली, बाप पडला," आबा उठता उठता म्हणाले, "पोरगी तेवढी उभी हाय. शिकू दे तिले."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी अम्मा थकून आपल्या गावी परतल्या, ते पायातले चाळ माझ्या मुलीच्या हाती देऊन. त्याच गोदामात ती शिकवू लागली. अम्मांचा नेम तिनं पाळला, वर स्वतःचा एक जोडला: नव्या मुलीआधी तिच्या बापानं परातीवर उभं राहायचं. खाली आलेला बाप मग नाचाबद्दल फारसं बोलत नसे.

तिच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी मी परात उचलून मोठ्या उत्साहानं म्हणालो, "परात मी घासून देतो."

बायकोनं माझ्या हातातून परात काढून घेतली. त्या जुन्या संध्याकाळी ती चकार शब्द बोलली नव्हती. सगळं साठवून ठेवलं असावं.

"तेलाची येवढीच हौस असन त दिवाळीचे दिवे घ्या घासाले," ती म्हणाली. "त्याईच्यावर कोनी उभं नाई राहत."