मोदकाच्या पाण्यात मीठ किती

गॅसवर पाणी तापायला लागलं होतं आणि त्यात मीठ घालायचं की नाही, हेच मला ठरवता येत नव्हतं. पेणला मी केटरिंग करते. उकडीचे मोदक हा माझा हातखंडा. तरी त्या सकाळी मिठाचा डबा उघडून नुसती उभी होते.

ऑर्डर हिरामावशीची होती. खाडीकडच्या गावातली म्हातारी, भातशेतीतली. तिच्या गावात खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध असतो. तो फुटला की म्हणतात खांड पडली. तशी खांड पडली, शेतात खारं पाणी शिरलं आणि घरचं गोड्या पाण्याचं तळंही खारट झालं. मावशीने गणपतीला नवस बोलला की तळं गोडं होईल तेव्हा पहिलं पाणी तुझ्या मोदकाला. तोवर मोदक तोंडात घालणार नाही.

बांध पुन्हा बांधला. पावसाळ्यांनी तळं धुऊन काढलं. आता माघी गणपतीला ती तळ्याच्या पाण्याचा कॅन घेऊन माझ्या किचनमध्ये आली होती. संधिवाताने तिची बोटं वळत नव्हती, नाहीतर तिने मोदकाच्या कळ्या दुसऱ्या कोणाला करू दिल्या नसत्या.

मोदकाचं वरचं आवरण म्हणजे पारी. ती तांदळाच्या उकडीची. उकडीच्या पाण्यात चिमूटभर मीठ लागतं, नाहीतर पारी फिकी लागते. पण पाणीच खारट असेल तर? मी चमच्याने थेंबभर चाखायला गेले. मावशीने माझा हात धरला.

"चाखायचं नाय, बाय. पयलं देवाला."

"मग ते गोडं झालंय, हे कळलं कसं?"

"म्हशी पिऊ लागल्या ना."

"म्हणजे म्हशींनी आधी चाखलंच की."

"त्यांनी नवस बोललाय का?"

पण म्हशी थोडं खारट पाणीही पितात, हे तिलाही ठाऊक असणार. पाण्याचा फिल्टर विकणाऱ्यांकडे क्षार मोजायचं मीटर असतं, ते आणू का, असं विचारलं. मशीनने चाखलेलं देवाला चालतं की नाय हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तेही नको. मी तव्यावर चार थेंब टाकून पाहिले. पांढरट डाग राहिला. मग माझ्या नळाचे टाकले, तर तसाच डाग. मला आता त्या पाण्याचं कोडं सोडवल्याशिवाय चैन पडेना, आणि सोडवायला तर बंदी.

शेवटी डबा बंद केला. पाणी खारट असेल तर वर मीठ पडून नवस पार बिघडेल. गोडं असेल तर पारी फिकी होईल, एवढंच. तूप घातलं, पीठ घातलं, झाकण ठेवलं. उकड मऊ आली, पण चवीबद्दल उकड काही सांगत नाही. हळदीच्या पानांवर मोदक वाफवले आणि डब्यात भरून तिच्याबरोबर रिक्षाने गावी गेले. खरं तर डिलिव्हरी माझा माणूस करतो. पण मला राहवलं नाही.

आरती झाली, नैवेद्य दाखवला. मावशीने मोदक फोडला, सारण बाजूला काढलं आणि नुसती पारी तोंडात टाकली. बराच वेळ चघळत राहिली.

"फिकी हाय गो," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसायला लागली. "पार फिकी. गोडं झालं माझं तळं."

मग तिने सारण हातात घेतलं आणि इतक्या वर्षांचा राहिलेला मोदक पुरा केला. मीही तिच्या शेजारी बसून एक खाल्ला. पारी खरोखरच फिकी होती. माझ्या हाताखालच्या बाईने केली असती तर तिला बोलणी बसली असती.

फिक्या पारीला दाद मिळाली ती तेवढीच. दुसऱ्या दिवशी पेणमधल्याच एका सोसायटीची ऑर्डर होती. तिथे मी नेहमीसारखं चिमूटभर मीठ घातलं. त्यांच्या टाकीत खाडी शिरली नव्हती.