आडातल्या कासवाला ऊन दाखवलं त्याची गोष्ट

आमच्या गावच्या आडात एक कासव होतं. पाणी शेंदायच्या आधी बायका वाकून बघायच्या. कासवानं नाक वर काढलं की पोहरा सोडायचा. घटकाभर थांबूनही नाही दिसलं, तर त्या दिवशी आडाचं पाणी वर्ज्य. पाणी नासलं तर ते कासवाला आधी कळतं, असं गाव मानायचं.

मी तेव्हा बीदरच्या उर्दू शाळेत शिकून परतलो होतो, म्हणजे गावापेक्षा शहाणा झालो होतो. त्या उन्हाळ्यात नाल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावात पटकी आली होती. हगवण-ओकारीनं माणसं जात होती. तिकडच्या चितांचा धूर आम्हाला रोज दिसायचा, आणि आम्ही सगळे तो न दिसल्यासारखं करायचो. मला काळजी कशाची? तर कासवाची.

कासव म्हणजे मासा नव्हे. श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. शेवाळ, किडे, मेलेली बेडकं खाऊन ते पाणी साफ ठेवतं. अंग मात्र त्याला उन्हानंच तापवावं लागतं. म्हणून मांजरा नदीतली कासवं खडकांवर चढून बसतात. आमच्या आडात बसायला दगडच नव्हता. मग एका दुपारी मी टोपलीत भाकरीचा तुकडा ठेवून ती आत सोडली, कासव वर काढलं, मागच्या पायाला सुतळी बांधून खडकावर ठेवलं आणि लिंबाखाली राखणीला बसलो. राखण मी डोळे मिटून केली. जाग आली तेव्हा सुतळीचा फास तेवढा खडकावर पडला होता. मादी असावी, अंडी घालायला मऊ माती शोधत गेली असेल. अंधार पडेपर्यंत धुंडाळलं, सापडली नाही.

सकाळी बायका आडावर वाकल्या. थांबल्या. नाक वर आलं नाही. एकीनं घागर उचलली, मग सगळ्यांनी, आणि रांग नाल्याकडे निघाली. वरच्या गावात रोग्यांची कापडं त्याच नाल्यात धुतली जात होती.

माझी मोठी बहीण, अक्का, भरली घागर घेऊन आली. मी घागरीच्या तोंडावर हात ठेवला.

"अक्का, हे पिऊ नको. कासव मीच काढलतो."

"कामून रं?"

"ऊन दाखवायला."

ती खो खो हसली. "होळीला म्हनलास, आडात मगर हाय. आता कासवाला ऊन! तुझं काय खरं धरू?" माझा हात बाजूला सारून तिनं तांब्या बुडवला आणि गटागटा प्यायली.

पारावर जाऊन सांगितलं. तिथले म्हातारे अप्पा म्हणाले, "व्हय, आन कासवानं तुला सलाम बी केला असंल."

हशा पिकला. मग मी सगळ्यांदेखत आडाचं तांब्याभर पाणी प्यायलो. हशा थांबला.

"दोन दिस बघू," अप्पा म्हणाले. "जगलास तर आमी बी पितो."

दोन दिवस मी आडाच्या काठावर बसून होतो. पोटात गुडगुडलं की घाम फुटायचा. नाल्याकडे जाणाऱ्या बायका माझ्याकडे बघायच्या आणि पुढं जायच्या. अक्काही.

तिसऱ्या सकाळी अप्पांनी माझी जीभ बघितली, डोळे बघितले, आणि पोहरा सोडला. आडावर गर्दी उसळली. त्या गर्दीत अक्का नव्हती.

मी घराकडे धावलो. ती उंबऱ्यात भिंत धरून बसली होती, डोळे खोल गेलेले. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "खरं बोललतास की रं. आडाचं आनलास का?"

मी रिकाम्या हातानं पळत आलो होतो.